ट्रॅकखाली लटकणारी ६ आसनी केबिन : छताचा जोड, सांगाडा, काचा, दार यांवर सल्ला हवा

अंबड_फॅब

नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीत आमचं पाइप आणि शीट मेटलचं फॅब्रिकेशन आहे. एका ग्राहकाच्या आवारात १५० मीटरचा चाचणी ट्रॅक उभा राहतोय. वर बॉक्स बीम, बीमच्या आत बोगी (चाकांची गाडी), आणि खाली लटकणारी ६ माणसांची केबिन. बोगी आणि मोटर दुसरीकडून येणार, केबिन आम्ही करायची. ड्रॉइंग अजून पक्कं नाही, म्हणून आताच विचारतो.

केबिन २ मीटर लांब, १.५ मीटर रुंद, २ मीटर उंच. रिकामं वजन ४५० किलोत बसवायचंय. बोगीच्या झुलत्या पिनपासून केबिनची फरशी २.६ मीटर खाली. वेग ताशी ३० किमी, मध्ये ३० मीटर त्रिज्येचं एक वळण. बीमच्या मध्यरेषेपासून खांबाचा आतला पृष्ठभाग १.२ मीटरवर आहे.

सध्याचा विचार असा: ४०×४०×२ चौकोनी पाइपचा पिंजरा, छतावर ६ मिमी प्लेट, तिच्यावर एम२० चे ८.८ ग्रेडचे चार स्टड वेल्ड करून दोन हँगर. बाहेरून ३ मिमी एसीपी (अॅल्युमिनियम कंपोझिट पॅनेल), खिडक्यांना ५ मिमी पॉलिकार्बोनेट. आसनं लांबीच्या दोन्ही भिंतींना, तिघं समोर तिघं. ग्राहक म्हणतो अॅल्युमिनियमचा सांगाडा करा, आमचा कल लोखंडाकडे आहे. कुठे चुकतंय ते स्पष्ट सांगा.

ओळंबा

सगळ्यात आधी छताचा जोड, कारण बाकीचं चुकलं तर दुरुस्त होईल, हा चुकला तर केबिन खाली येईल.

८.८ चा स्टड वेल्ड करू नका. तो मध्यम कार्बनचा, हार्डन-टेंपर केलेला बोल्ट असतो. वेल्डच्या उष्णतेने त्याचा टेंपर जातो आणि वेल्डलगतचा भाग ठिसूळ होतो. दुसरी अडचण ६ मिमी प्लेटची. ती वर ओढली गेली की मधोमध फुगते, बोल्ट सरळ ताणात न राहता वाकतो, आणि प्रत्येक हेलकाव्याला उलटसुलट वाकतो. नुसत्या वजनाच्या हिशोबाने एम२० भरपूर आहे: धाग्यातलं क्षेत्रफळ २४५ चौ.मिमी, म्हणजे तुटायला १९६ किलोन्यूटन लागतील. तुमची भरलेली केबिन ४५० अधिक ६ गुणिले ८०, म्हणजे ९३० किलो, जेमतेम ९.१ किलोन्यूटन. आकडा बघून माणूस निर्धास्त होतो, पण इथे तुटण्याचं कारण वजन नसतं. वारंवार वाकण्याने धाग्याच्या मुळाशी चीर सुरू होते आणि ती बाहेरून दिसत नाही.

असं करा. प्रत्येक हँगरच्या रेषेत ५०×५०×३ पाइपचं एक पूर्ण कडं घ्या: छत, दोन्ही बाजू आणि फरशीखालून फिरून परत वर. दोन कडी, मध्ये १.४ मीटर अंतर. फरशी या दोन कड्यांत बसलेली असावी. म्हणजे माणसांचं वजन फरशीतून कड्यात, कड्यातून हँगरमध्ये थेट जातं. कड्याचे सांधे कोपऱ्यात घेऊ नका, बाजूच्या सरळ भागात घ्या आणि आत स्लीव्ह घालून वेल्ड करा. कोपरा वाकवता येत नसेल आणि कापूनच करायचा असेल तर दोन्ही अंगांना गसेट (तिकोनी आधारपट्टी) द्या, आणि वेल्डची सुरुवात किंवा शेवट ऐन कोपऱ्यावर येऊ देऊ नका.

हँगरची पट्टी ८०×१२, आयएस २०६२ स्टीलची. वरच्या टोकाला ३० मिमी ईएन२४ पोलादाची पिन, हार्डन-टेंपर केलेली, दुहेरी शिअरमध्ये (पट्टीच्या दोन्ही बाजूंना आधार), गनमेटल बुश आणि ग्रीस निपलसकट. पिनच्या भोकानंतर पट्टीत ५० गुणिले १२, म्हणजे ६०० चौ.मिमी उरतं. एकाच हँगरवर सगळं वजन आलं आणि धक्क्यापोटी ते दुप्पट धरलं तरी ताण ३० एमपीएच्या आसपास राहतो. इतका कमीच ठेवायचा, फटीगसाठी (वारंवार वाकून धातूला येणारा थकवा). पट्टीचं खालचं टोक कड्याच्या वरच्या पाइपला दोन्ही बाजूंनी प्लेट लावून आरपार बोल्टने. पाइपमध्ये बोल्टच्या जागी स्पेसर नळी वेल्ड केलेली हवी, नाहीतर टॉर्क देताना पाइप चेपतो आणि महिन्याभरात बोल्ट सैल.

प्रत्येक हँगरने एकट्याने पूर्ण केबिन पेलली पाहिजे. शिवाय कड्यापासून बोगीपर्यंत १२ मिमी स्टील रोपचा एक सैल फास, पिनला वळसा घालून जाणारा. त्याची तोडशक्ती ८० किलोन्यूटनच्या वर असते. मात्र फास फार सैल ठेवलात तर केबिन आधी खाली पडेल आणि मग झटका देईल. २० ते २५ मिमी ढील पुरे.

गोदाकाठ_मेकॅनिकल

ओळंबा यांच्या जोडाबद्दल दुमत नाही. पण मला १.२ मीटर हा खांबाचा आकडा वाचूनच थांबावंसं वाटलं. ग्राहकाला आजच कळवा.

लटकती केबिन झुलणारच. तो दोष नाही, तिचा फायदाच आहे: वळणावर ती आपोआप बाहेर कलते, त्यामुळे बसलेल्या माणसाला बाजूला ढकलल्यासारखं वाटत नाही. जर्मनीत वुपरटालची रेल्वे १९०१ पासून आणि डॉर्टमुंडची एच-बान १९८४ पासून अशाच लटकून चालतात. फक्त झुलायला जागा ठेवावी लागते.

वळणाचा हिशोब: ताशी ३० किमी म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या गुणिले ९.८, येतो ०.२३६, म्हणजे १३ अंश. हा स्थिर कल झाला. सरळ ट्रॅक संपून वळण एकदम सुरू झालं तर लोलक पहिल्या हेलकाव्यात जवळपास दुप्पट जातो, २६ अंश. वेग ताशी २० केला तर स्थिर कल ६ अंशांवर येतो.

पहिला झटका टाळायला सरळ आणि वळण यांच्यामध्ये हळूहळू वाकत जाणारा जोडभाग हवा. त्याची लांबी अंदाजाने ठरवू नका. तुमच्या केबिनचा एक पूर्ण हेलकावा सुमारे २.८ सेकंदांचा असेल. जोडभाग ओलांडायला बरोबर तेवढाच वेळ लागला तर वळणात शिरल्यावर झोका जवळजवळ उरतच नाही. ताशी २० किमीला ही लांबी साधारण १६ मीटर, ३० ला २४ मीटर.

आता वारा. नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास, हवा थोडी विरळ, घनता १.१ धरा. ताशी ७२ किमीच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला २२० न्यूटन. केबिनची बाजू ४ चौ.मीटर, आकाराचा गुणांक १.२, म्हणजे जोर सुमारे १,०५० न्यूटन. भरलेली केबिन याने ६ अंश कलते. रिकामी १३.५ अंश. मोकळ्या जागेचा हिशोब नेहमी रिकाम्या केबिनवर करा. भरलेल्या केबिनवर केलेला हिशोब फसवतो.

ताशी २० ला वळणाचे ६ आणि वाऱ्याचे १३.५ एकाच दिशेने आले तर जवळपास २० अंश. तेव्हा केबिनचा खालचा कोपरा मध्यरेषेपासून किती बाहेर जातो? फरशीची मध्यरेषा ०.८९ मीटर सरकते, त्यात अर्ध्या रुंदीचे ०.७० मिळवा, एकूण १.५९ मीटर. तुमचा खांब १.२ वर. म्हणजे केबिन खांबाला धडकणार. खांब किमान १.९ मीटरवर न्या. ते शक्य नसेल तर १० अंशांवर रबरी थांबे लावा, पण तेव्हा वाऱ्याचा जोर थांब्यातून बोगीत आणि बोगीतून बीमला पीळ म्हणून जातो. बीम करणाऱ्याला हे आधी सांगावं लागेल. आणि १० अंशांवरही कोपरा १.१९ मीटरपर्यंत येतोच, म्हणजे १.२ वर खांब ठेवून सुटका नाही.

वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र ट्रॅकवर लावा आणि ताशी ४० किमीला फेऱ्या बंद करा. मे महिन्यातला वळीव काही मिनिटांत अंगावर येतो, तेव्हा बंद करण्याचा निर्णय यंत्राने घ्यावा, माणसाने नव्हे. सप्टेंबर २००४ मध्ये मडगावला स्कायबसच्या (अशाच लटकत्या गाडीच्या) चाचणीत एका कर्मचाऱ्याचा जीव गेला. चाचणी ट्रॅक आहे म्हणून सूट देऊ नका.

अंबड_फॅब

धन्यवाद, खांबाचं आजच कळवलं. दोन गोष्टी विचारतो. आसनं भिंतीलगत ठेवली तर एकाच बाजूला तिघं बसल्यावर किती कलेल? आणि झोका दमवायला मोटारसायकलचा शॉकअॅब्सॉर्बर चालेल का?

गोदाकाठ_मेकॅनिकल

तिघं ७५ किलोचे एकाच भिंतीला, मध्यापासून अर्धा मीटर दूर, तर केबिन सुमारे ५.५ अंश कलते आणि फरशी २५ सेंटीमीटर बाजूला सरकते. फलाट आणि फरशीमध्ये तेवढी फट, किंवा उलट बाजूला कलली तर फलाटावर आदळणार.

आसनं फिरवा. एक बाक पुढच्या भिंतीला, एक मागच्या भिंतीला, रुंदीत तिघं तिघं. दोन हँगर लांबीच्या दिशेला असल्याने एकच बाक भरला तरी केबिन पुढे-मागे कलत नाही. बाजूचा कल मात्र पूर्ण जात नाही: दोघं एकाच कडेला बसले तरी ४ अंश आणि १९ सेंटीमीटर होतातच. म्हणून स्टेशनात फरशीच्या पातळीला दोन्ही बाजूंनी मार्गदर्शक पट्ट्या लागतात, तोंडाशी रुंद आणि आत निमुळत्या, आणि केबिनला नायलॉनची चाकं. केबिन त्यात अडकून सरळ होते, मगच दार उघडायचं. फलाटाची फट ५० मिमीच्या आत ठेवा.

शॉकअॅब्सॉर्बर चालेल, स्प्रिंग काढून. पण दुचाकीचा बहुतेक शॉक ताणताना जास्त आणि दाबताना कमी दमवतो, म्हणून समोरासमोर दोन लावा. तपासायची पद्धत सोपी: दोरीने १० अंश ओढून सोडा. एका पूर्ण हेलकाव्यानंतर झोका ५ अंशांवर आला तर दमन साधारण १० टक्के. चाचणीसाठी ते ठीक आहे. ८ अंशांवरच राहिला तर शॉक काम करत नाही, किंवा त्याच्या डोळ्यातला रबर बुशच सगळी हालचाल खातोय.

सिन्नर_एफआरपी

बाहेरच्या आवरणाबद्दल. साधं एसीपी माणसं बसणाऱ्या बंद डब्यात नको. दोन पातळ अॅल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये पॉलिथिलीन असतं, ते पेटतं आणि वितळून थेंब पडतात. वर लटकलेल्या केबिनमधून माणूस उडी मारू शकत नाही, म्हणून इथे आगीचा नियम दुकानाच्या पाटीसारखा लावता येत नाही. १.६ मिमी अॅल्युमिनियमचा पत्रा लावा, चौरस मीटरला ४.३ किलो. किंवा एफआरपी (काचतंतू आणि रेझिनचं आवरण): चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या चॉप्ड मॅटचे तीन थर, साधारण ३ मिमी, ४.५ किलो. रेझिन अग्निरोधक ग्रेडचं घ्या आणि त्याचा नमुना आधी जाळून बघा. पुढची-मागची गोलाई एफआरपीत, बाजू पत्र्यात, हे सगळ्यात स्वस्त पडतं.

पत्रा लोखंडी पाइपला थेट रिवेट करू नका. दोन धातूंमध्ये पाणी शिरलं की अॅल्युमिनियम पांढरं पडून खाल्लं जातं. पीयू अॅडहेसिव्हचा ३ मिमी जाडीचा थर द्या, तोच खडखडाटही थांबवतो. पाइप प्रायमर मारलेला आणि कोरडा हवा. पावसाळ्यात, दमट हवेत घाईने चिकटवलेला पत्रा पुढच्या उन्हाळ्यात सुटतो.

पॉलिकार्बोनेट बरोबर निवडलंय. अॅक्रिलिक फुटलं की धारदार तुकडे होतात. काच ६ मिमीला चौरस मीटरला १५ किलो, पॉलिकार्बोनेट ५ मिमीला ६ किलो. पण ते उन्हात खूप वाढतं: १.२ मीटरची खिडकी ५० अंशांच्या फरकाला ४ मिमी वाढते, लोखंडी चौकट जेमतेम ०.७ मिमी. म्हणून चारही बाजूंना २ ते ३ मिमी मोकळीक सोडून ईपीडीएम रबराच्या गॅस्केटमध्ये बसवा. आरपार स्क्रू मारलात तर भोकापासून बारीक चिरा कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरतात. थिनरने पुसू नका. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन टाळा, न्यूट्रल प्रकारचं वापरा. यूव्हीचा थर असलेली बाजू बाहेर, संरक्षक फिल्मवर ती छापलेली असते. फिल्म काढण्याआधी आतल्या बाजूला मार्करने खूण करा.

अॅल्युमिनियम की लोखंड याचं उत्तर ओळंबा यांनी द्यावं.

ओळंबा

लोखंड. ओळंब्यात लटकणाऱ्या गोष्टीला थोडं वजन मदतच करतं, वाऱ्यात रिकामी केबिन जास्त कलते हा आकडा वर आलाच आहे. ५०×५०×३ ची दोन कडी, १४ मीटर, ६० किलो. बाकी ४०×४०×२ सुमारे २५ मीटर, ५८ किलो. म्हणजे सांगाडा १२० किलोच्या आत. अॅल्युमिनियममध्ये फार तर ६० किलो वाचतील, ९३० मधले. त्याबदल्यात ६०८२-टी६ अॅल्युमिनियमला टिग वेल्ड केलं की वेल्डलगतची ताकद निम्म्यावर येते, आणि ती परत आणायला पूर्ण सांगाडा भट्टीत घालावा लागेल. अॅल्युमिनियम करायचंच असेल तर बोल्ट आणि गसेटने जोडा, वेल्डने नाही.

पाइप आयएस ४९२३ चा, टेस्ट सर्टिफिकेटसकट घ्या. आधी फरशीची चौकट सपाट टेबलावर, दोन्ही कर्ण २ मिमीच्या आत जुळले पाहिजेत. मग कडी उभी करून ओळंब्याने तपासा, सगळं टॅक करा (ठिकठिकाणी थोडं वेल्ड), आणि वेल्ड समोरासमोरच्या कोपऱ्यांत आलटून पालटून. एका बाजूने सलग वेल्ड करत गेलात तर दाराची चौकट ५-६ मिमी तिरकी होते आणि ती नंतर ठोकून सरळ होत नाही. फरशीखालच्या प्रत्येक पाइपला सर्वांत खालच्या बिंदूला ८ मिमीचं भोक ठेवा. बंद पाइपमध्ये साचलेलं पाणी आतून गंजवतं, बाहेरचं पावडर कोटिंग चकचकीतच दिसतं. छतातून हँगर जातो तिथे ४० मिमी उंच कॉलर आणि वरून रबरी टोपी, फक्त सिलिकॉनवर विसंबू नका.

दार कड्यांच्या मधोमध, ९०० मिमी मोकळं, वरून लटकणारं सरकतं. खाली चॅनल नको, धूळ आणि खडे अडकून दार अर्ध्यात थांबतं. खाली फक्त पिन आणि नायलॉनची पट्टी. स्प्रिंगने बंद राहणारं कुलूप, वीज गेली तरी बंदच. आतून उघडता येऊ नये, बाहेरून किल्लीने उघडावं. बंद होताना कडेचा जोर १५० न्यूटनच्या आत, वजनकाटा मध्ये धरून मोजता येतो. "दार बंद" आणि "कुलूप लागलं" यांचे दोन वेगळे लिमिट स्विच, मोटरच्या परवानगीच्या तारेत एकामागोमाग एक. एकच स्विच दाराच्या पट्टीवर लावला तर पट्टी वाकली तरी तो "बंद" सांगत राहतो.

गोदाकाठ_मेकॅनिकल

हवेचं कुणी बोललं नाही. सहा माणसांची उष्णता ६०० वॉट, वैशाखातल्या उन्हाची खिडक्या-छतातून येणारी १,००० च्या आसपास. आतली हवा बाहेरच्यापेक्षा ५ अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल तर सेकंदाला ०.२९ घनमीटर, म्हणजे सुमारे ६०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते. केबिन धावत असताना खाली ०.१५ ते ०.२ चौ.मीटरची जाळी आणि वर तेवढीच फट असली की काम होतं. थांबली की नुसत्या गरम हवेच्या वर जाण्याने भागत नाही. बाहेर ४० असेल तर आत सहज १२-१५ अंश जास्त होतात.

देवघरजवळच्या त्रिकूट रोपवेवर १० एप्रिल २०२२ ला केबिन अडकल्या, तेव्हा काही प्रवाशांची सुटका व्हायला ४० तासांहून अधिक लागले. तुमचा ट्रॅक १५० मीटरचा आहे, तरी २४ व्होल्टचे दोन एक्झॉस्ट पंखे आणि केबिनमध्येच बॅटरी ठेवा. पंखे १२० वॉट, दिवा आणि बोलण्याचं यंत्र २० वॉट, तीन तासांना ४२० वॉट-तास. २४ व्होल्टला १८ अँपिअर-तास पुरतात, ४० ची एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) बसवा, कारण उन्हात आणि वयाने ती घटते. छत दुहेरी करा, वरचा पत्रा पांढरा आणि मध्ये २५ मिमी मोकळी हवा खेळती. सुटकेसाठी चाकांची शिडी-मचाण ट्रॅकखालून कुठेही ढकलत नेता येईल अशी जमीन सपाट ठेवायला सांगा.

अंबड_फॅब

शेवटचा प्रश्न. वजनाची चाचणी शेडमध्येच कशी घ्यावी?

ओळंबा

वर पिनचा खरा जोड बसवून गॅन्ट्रीला टांगा, जमिनीपासून फक्त १०० मिमी वर, खाली लाकडी ठोकळे. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण आणि फरशीची चार कोपऱ्यांतली उंची लिहून ठेवा. मग सिमेंटच्या ५० किलोच्या १२ गोण्या. सहा माणसांच्या ४८० किलोचे सव्वापट ६०० होतात. आधी चार गोण्या पुढच्या बाकावर, मग मागच्या, उरलेल्या मध्ये फरशीवर. २४ तास ठेवा. त्या वजनाखाली दार दहा वेळा उघडा-बंद करा, सांगाडा कमी पडत असेल तर सगळ्यात आधी दारच अडखळतं. गोण्या काढल्यावर कर्ण पहिल्या मापापासून १ मिमीहून जास्त बदललेला असेल तर कुठेतरी पाइप कायमचा वाकलाय. तो शोधा, वरून पट्टी ठोकून पुढे जाऊ नका.

यानंतर एक हँगर काढून तेच पुन्हा, पूर्ण भार दुसऱ्यावर. या वेळी केबिन तिरकी होणार, म्हणून ठोकळे टोकांना सरकवा आणि गोण्या बांधून ठेवा. मग कड्याच्या सगळ्या वेल्डची डीपी टेस्ट (चिरेत शिरणाऱ्या रंगाची), पिनांची एमपीआय (चुंबकीय कणांची तपासणी). डीपी रंगकामाआधी करायची, पावडर कोटिंगखाली चीर दिसत नाही. चाचणीला सांगाडा प्रायमरही न मारता, उघडा असू द्या.

शेवटी प्रत्येक बोल्टला टॉर्क रेंचने घट्ट करून नट आणि प्लेटवरून पिवळ्या रंगाची एक सलग रेघ ओढा. रोज सकाळी पहिल्या फेरीआधी टॉर्चने बघायचं. रेघ तुटलेली दिसली की त्या दिवशी केबिन हलवायची नाही. बोल्ट पुन्हा आवळून चालवू नका, तो उतरवून बदला आणि सैल का झाला ते स्पेसर नळीपाशी बघा. माणसं बसवण्याआधी डिझाइनशी संबंध नसलेल्या चार्टर्ड इंजिनिअरकडून हिशोब आणि जोड दोन्ही तपासून घ्या.